घेताना येणारा आवाज

अण्णांचा पहिला शब्द कोणता असेल, यावरून घरात तीन दिवस पैजा लागल्या होत्या. थोरल्या मुलाचं म्हणणं, "ओता." तीस वर्षं घरच्या लोखंडाच्या ओतशाळेतला दिवस अण्णांच्या त्याच आरोळीने सुरू झाला होता. माई म्हणाली, "चहा म्हणतील, दुसरं काय." धाकट्याने फोनवरून कळवलं की अण्णा आधी शिवी देतील आणि ती त्यालाच असेल.

अण्णा खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते आणि पत्र्याच्या तुकड्यावर खडूने लिहीत होते : "चालू द्या."

हा पत्रा त्यांनी हॉस्पिटलातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः कापून घेतला होता. हॉस्पिटलने दिलेली पांढरी पाटी त्यांना आवडली नव्हती. साच्यांवर आकडे टाकायचा खडू लोखंडावरच नीट उठतो, असं त्यांचं मत. ऑपरेशनला सव्वा महिना झाला होता. स्वरयंत्र पूर्ण काढलं होतं आणि श्वासनलिकेचं वरचं तोंड मानेच्या पुढच्या बाजूला, गळ्याच्या खळगीत, कायमचं उघडून दिलं होतं. आता अण्णांचा श्वास तिथून ये-जा करायचा, खोकलाही तिथूनच यायचा. नाक नुसतं चेहऱ्यावर होतं. वास कळत नव्हता. चहावर फुंकर मारता येत नव्हती, म्हणून माई दोन कपांत वरखाली करून चहा निववायची आणि म्हणायची, "लग्नानंतर इतके लाड पहिल्यांदाच चाललेत."

श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या पडद्यात डॉक्टरांनी बोटाच्या पेराहून लहान अशी एक झडप बसवली होती. मानेवरचं भोक अंगठ्याने बंद करून श्वास सोडला की हवा त्या झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिची भिंत थरथरते आणि त्या थरथरीला तोंड आकार देतं. अण्णांनी हे ऐकून पत्र्यावर लिहिलं होतं : "म्हणजे हवा तीच, साचा नवा." डॉक्टरांनी त्या पत्र्याचा फोटो काढून घेतला होता.

रविवारी ते पहिल्यांदाच प्रयत्न करणार, असं घरच्यांना वाटत होतं; त्यांना आधीच बोलता येऊ लागलंय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हॉस्पिटलातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे ते गेले अकरा दिवस एकटे जात होते आणि एकच वाक्य घोटत होते. "सूनबाई, तू ऐकलंस म्हणून मी आहे." एका श्वासात बसलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. बाई म्हणायच्या, "दोन तुकडे करा, काका. सुरुवातीला दोनतीन वाक्यांतच आवाज दमतो." अण्णा नकारार्थी मान हलवायचे. आज रविवार, दुपारी चार. वरच्या खोलीत सगळे जमणार होते आणि ते वाक्य त्यांनी जपून, ताजंतवानं ठेवलं होतं. सकाळपासून सरावसुद्धा केला नव्हता.

अण्णांची थोरली बहीण, आक्का, तेवढी यायची राहिली होती.

*

सूनबाई, थोरल्याची बायको, जिन्याच्या वरच्या टोकाला कपांचा ट्रे घेऊन उभी होती, तेव्हा खाली दार वाजलं.

चौदा पायऱ्या. दिवाणखान्यातल्या गेल्या भांडणानंतर आक्का महिनाभर इकडे फिरकली नव्हती, त्यामुळे सूनबाईने तिला चढताना बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. पाचव्या पायरीवर आक्का थांबली. मग आठव्या. मग प्रत्येक पायरीवर. आणि त्या थांब्यांमध्ये एक आवाज होता. बारीक, कोरडा, ओढल्यासारखा.

सूनबाई कारखान्यात बेअरिंग तपासणीच्या विभागात होती. दिवसाला दोनशे बेअरिंग फिरवून, सळईचं एक टोक त्यांच्यावर आणि दुसरं कानावर ठेवून ती सांगायची की कुठलं चालेल आणि कुठलं सहा महिन्यांत जाम होईल. आवाज मोठा आहे की लहान, याला तिथे महत्त्व नसतं. तो फेऱ्याच्या कोणत्या भागात येतो, ते बघायचं असतं.

हा आवाज श्वास घेताना येत होता. सोडताना नाही.

"काय गं, रस्ता अडवून उभी का?" आक्का वर पोचली. कठडा धरून तिने दोनदा श्वास ओढला. "की मोजतेयस मी किती पायऱ्यांना थांबले ते?"

"नाही आक्का. या ना. पाणी देऊ?"

"पाणी नको. दमा आहे, तहान नाही." पदराआडून तिने औषधाचा पंप काढला, तोंडात दोन फवारे मारले. "दोन वर्षं मारतेय मेला. आहे तिथेच आहे. भट्टीचा दमा असाच असतो. आमच्याकडे सगळ्यांना येतो."

आक्का सरळ जाऊन भावाच्या खुर्चीशेजारी बसली. अण्णांच्या गळ्यावरची जाळीचं फडकं तिने एकदा पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली.

"ठोकळ्या, बरा आहेस?"

अण्णांनी लिहिलं : "तू आलीस. आता बरा."

"लिहिण्यात गोड झालायस. बोलण्यात कधी नव्हतास."

*

घराला लागून असलेली ओतशाळा आक्का-अण्णांच्या वडिलांनी काढली. ओताच्या वेळी साच्याशेजारच्या विटांच्या पायरीवर उभं राहून "ये… ये… ये…" म्हणत लोखंडाची धार चालवायची आणि साचा भरला की थांबवायची, हे काम मालकाचं. शब्द एक क्षण उशिरा आला तर रस सांडतो, एक क्षण लवकर आला तर साच्यातलं चाक अर्धवट राहतं. वडिलांचा आवाज वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी घोगरा झाला आणि घोगराच राहिला. कामगार त्याला "घराण्याचा आवाज" म्हणू लागले. भट्टीत मुरल्याशिवाय तो येत नाही, अशी समजूत पडली.

म्हणून गेल्या वर्षी अण्णांचा आवाज बसला, आणि दोन महिने झाले तरी उठला नाही, तेव्हा या घराने जे केलं ते दुसऱ्या कुठल्याही घराने केलं नसतं. आक्काने पेढे वाटले. "आता खरा मिस्त्री झालास. अगदी बाबा बोलल्यासारखं वाटतं." अण्णांनाही बरं वाटलं होतं. फोनवर ते मुद्दाम जरा जास्त बोलायचे.

नव्याने घरात आलेली सूनबाई तेवढी पेढा हातात धरून म्हणाली होती, "अण्णा, तुमच्या आवाजात एक भाग येतच नाहीये. हवा गळतेय कुठूनतरी." स्वरतंतूंपैकी एक हलेनासा झाला होता, हे नंतर नळीच्या कॅमेऱ्यात दिसलं. ती त्यांना तिथवर न्यायला चार महिने भांडली. कॅन्सर निघाला, तेव्हा घशाबाहेर पसरलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, अजून दोन महिन्यांनी आला असतात तर मी वेगळं बोललो असतो.

आक्काच्या लेखी हिशेब सोपा होता. भाऊ बोलत होता. सुनेने त्याला हॉस्पिटलात नेलं. भाऊ बोलायचा थांबला.

*

स्वयंपाकघरात माई कपांत चहा गाळत होती. सूनबाईने दार अर्धं लोटलं.

"माई, आक्कांना दमा नाहीये."

माईचा हात थांबला. "हळू बोल."

"दम्यात हवा बाहेर पडताना वाजते. यांची आत जाताना वाजते. म्हणजे अडथळा खाली छातीत नाही, वर आहे. श्वासनलिकेत. म्हणूनच तो पंप लागू पडत नाही."

"मग?"

"मग एखादी साधी सर्दी झाली, आतून थोडी सूज आली, तरी वाट बंद होईल. त्यांना दाखवायला हवं. उद्याच. पण मी सांगितलं तर त्या जिना उतरून जातील ते परत यायच्या नाहीत. मागच्या वेळी मला म्हणाल्या होत्या, ‘आता घरात आणखी कुणाचा गळा उरलाय ते बघ.’"

माई ते भांडण विसरली नव्हती. त्या दिवशी ती गप्प बसली होती. नणंदेसमोर गप्प बसायची सवय सदतीस वर्षांची. नंतर हॉस्पिटलच्या बाकावर रात्र काढताना तिला त्या गप्प बसण्याची लाज वाटली होती.

"तू सांगू नकोस," माई म्हणाली. "मी सांगते."

"तुम्ही?"

"का? माझा गळा काय शोभेचा आहे?" आणि मग ट्रे उचलता उचलता तिचा धीर सुटला. "नाहीतर असं कर. आधी ह्यांना सांग. ह्यांचं वन्सं ऐकतात."

पण आक्का खुर्चीला खुर्ची लावून बसली होती. सूनबाईने चहा ठेवायच्या निमित्ताने अण्णांच्या मांडीवरचा पत्रा उचलला, ओल्या फडक्याने पुसला, आणि आक्काला पाठ करून त्यावर भराभर लिहिलं. पत्रा परत मांडीवर ठेवला.

अण्णांनी वाचलं. एकदा. मग कान टवकारून बहिणीच्या श्वासाकडे लक्ष दिलं. आयुष्यभर त्यांनी भट्टीच्या घरघराटात धारेचा आवाज ओळखला होता. एवढा शेजारी असलेला हा आवाज आपल्याला आजवर कसा आला नाही? आला असणार. घरचाच म्हणून सोडून दिला असणार.

त्यांनी खाली एकच शब्द लिहिला : "नक्की?"

सूनबाईने होकारार्थी मान हलवली.

"काय खलबतं चाललीत सासरा-सुनेची?" आक्का म्हणाली. "मुक्याच्या पाटीवर आता बोलणारेही लिहायला लागले वाटतं."

अण्णांनी पत्रा पालथा घातला.

*

"चार वाजले," थोरला म्हणाला. "अण्णा, व्हा सुरू. माझी पैज आहे. ‘ओता’ म्हणालात तर महिनाभर गाडी मी धुणार नाही."

अण्णांनी अंगठा मानेवरच्या जाळीवर ठेवला. फोनवर धाकट्याचा श्वास ऐकू येत होता.

ते वाक्य तयार होतं. अकरा दिवसांचं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती, आक्काच्या पदराकडे बघत होती, जो श्वासागणिक गळ्यापाशी आत ओढला जात होता. दोनतीन वाक्यांत आवाज दमतो, बाई म्हणाल्या होत्या.

अण्णा बहिणीकडे वळले.

"आक्के, उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल."

आवाज खोल होता, खडबडीत, हौदाच्या तळातून आल्यासारखा, पण शब्द एकूण एक स्पष्ट. कुणी टाळी वाजवली नाही. माईने तोंडावर पदर धरला. "अण्णा!" फोनमधून धाकटा ओरडला. "पैज कोण जिंकलं?"

"तू गप रे," थोरला म्हणाला.

आक्का भावाकडे बघत राहिली. "हा बाबांचा आवाज नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही," अण्णा म्हणाले.

"आणि पहिल्या वाक्याला मला कशाला डॉक्टरकडे नेतोस? मला काय झालंय? दमा आहे." मग तिची नजर पालथ्या पत्र्यावर गेली आणि तिथून सुनेवर. "अच्छा. हिने लिहिलं ते हे. एकाचं झालं, आता दुसरीचं."

"वन्सं," माई म्हणाली, आणि सगळे तिच्याकडे वळले, कारण या स्वरात तिने वन्संना कधी हाक मारली नव्हती. "तिने लिहिलं, मी लिहायला लावलं. रागवायचं तर माझ्यावर रागवा. मागच्या वेळी तुम्ही तिला बोललात आणि मी भिंतीसारखी उभी होते. ती माझी चूक. तिच्यामुळे हे समोर बसलेत. पेढे वाटले ते आपण."

पेढ्यांचं नाव निघताच आक्काची मान खाली गेली. पण ती उठली. "मी जाते."

"आक्का, एक मिनिट बस," थोरला म्हणाला. आजवर तो प्रत्येक वादात आत्याच्या बाजूला उभा राहिला होता; ऑपरेशनच्या कागदावर सही करतानासुद्धा त्याने तिला फोन केला होता. "मला बघू दे. हिचं खरं की तुझं. मी कुणाचाच नाही, मी यंत्रवाला."

तो खाली धावला. ओतशाळेच्या भट्टीला वारा घालणाऱ्या ब्लोअरच्या खोलीत खिळ्याला सूनबाईची जुनी सळई टांगलेली असायची. ती घेऊन तो दोन दोन पायऱ्या चढत वर आला, सळईचं टोक शर्टाला पुसलं.

"माझ्या गळ्याला लोखंड लावतोस?" आक्का म्हणाली.

"आयुष्य लोखंडात गेलं तुझं. घे श्वास."

त्याने टोक तिच्या मानेवर, कंठाच्या हाडाच्या जरा खाली टेकवलं आणि लाकडी बोंडाला कान लावला. आक्काने श्वास घेतला, सोडला. पुन्हा. थोरल्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"जुना भाता आठवतो?" तो म्हणाला. "त्याच्या तोंडात चिंधी अडकली होती तेव्हा उघडताना जसा शीळ घालायचा. दाबताना काही नाही. उघडताना." त्याने सळई खाली ठेवली. "आक्का, हा दमा नाही गं. भात्याचं तोंड लहान झालंय."

आक्का परत खुर्चीत बसली. तिचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला, आणि आता तो सगळ्यांनाच ऐकू येत होता.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?" माईने विचारलं.

"हा आवाज. बाबांचा शेवटी तीन दिवस असाच यायचा. घेताना. मी उशाशी होते." ती भावाशी बोलत होती. "तू लहान होतास, तुला खाली ओतावर पाठवलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणाले, भट्टीने खाल्लं, आणि ते ऐकायला बरं होतं. मागच्या वर्षी पहिल्यांदा जिन्यावर मला माझाच आला, तेव्हा मी म्हटलं, चला, माझीही पाळी." ती थांबली, श्वास ओढला. "मग तुझा गळा कापला. मला वाटलं, माझाही कापतील. बोलता येणार नाही ते चालेल. पण बाबांचं नाव निघेल. की तेव्हाच कुणी ऐकलं असतं तर."

अण्णांनी अंगठा पुन्हा जाळीवर ठेवला. या वेळी आवाज अर्धाच निघाला, घासत, पण निघाला.

"तेव्हा… सूनबाई नव्हती."

आक्काने डोळे पुसले. मग नेहमीच्या सुरात, पण सुनेकडे बघून म्हणाली, "उद्या किती वाजता म्हणालात?"

*

कॅमेरा नाकातून गेला आणि तीन मिनिटांत पडद्यावर दिसलं. स्वरयंत्राच्या लगेच खाली, श्वासनलिकेच्या सुरुवातीला, जुन्या जखमेच्या कातडीसारखं एक पांढरं कडं तयार झालं होतं. जिथे अंगठा सहज जावा तिथे पेन्सिलही जेमतेम गेली असती.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या भावासारखं नाही, आणि तुमच्या वडिलांचं काय होतं ते आज कुणीच सांगू शकणार नाही. हे कडं का येतं, तेही आम्हाला पुरतं कळलेलं नाही. बायकांना जास्त होतं आणि वर्षानुवर्षं दमा समजून औषध चालतं. काही कापायचं नाही. फुगा घालून रुंद करू. परत आखडलं तर परत करू." मग कागदावरून नजर उचलून त्यांनी विचारलं, "श्वास घेताना आवाज येतो, हे कुणाच्या लक्षात आलं?"

आक्काने बोट दाखवलं. "ही. आमच्याकडे तपासणी विभागात आहे."

त्या रविवारी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, सूनबाईने तो पत्रा साफ करायला उचलला होता, तेव्हा तिच्या अक्षराखाली अण्णांचं आणखी एक वाक्य होतं. एका श्वासात बसायचं म्हणून अकरा दिवस घोटलेलं. तिने ते वाचलं आणि फडकं परत बादलीत टाकलं. दुसऱ्या दिवशी अण्णांना नवा पत्रा कापून घ्यावा लागला.

फुगा घालून आणल्याला आठ दिवस झाले, तेव्हा एका दुपारी खाली दार वाजलं. सूनबाई वरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. जिन्यावर पावलं आली. पाचव्या पायरीवर ती थांबली नाहीत, आठव्यावरही नाहीत. सूनबाईच्या नकळत तिचा हात घडीवर थांबला. चौदा पायऱ्या, एका दमात.

आक्का आत आली, बसलीसुद्धा नाही. तशीच सुनेजवळ आली, वाकली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि छाती भरून एक लांब श्वास घेतला.

"आलं काही ऐकू?"

सूनबाईने पूर्ण लक्ष देऊन, कामावर असल्यासारखं ऐकलं.

"काहीच नाही, आक्का."

"नीट ऐक हं. तुझं काय, तू कुठूनही काहीही ऐकतेस." आणि आक्काने तिच्या कानाशी पुन्हा श्वास घेतला, आणि मग आणखी एक.